बागकामातून रोजगार : बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे व्यवसाय-प्रशिक्षण

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की विशेष शाळेतील विद्यार्थ्याचे शालेय शिक्षण बहुधा संपते. त्याच्या बरोबरीची मुले महाविद्यालयात जातात, नोकरी शोधतात किंवा वडिलांचा व्यवसाय हाती घेतात. बौद्धिक दिव्यांग तरुण मात्र घरी परततो व पुष्कळदा घरीच राहतो. शाळेत असताना जो स्वतःचा डबा स्वतः उघडत होता, बसची वाट पाहत होता, मित्रांना नावाने हाका मारीत होता, तोच वर्ष-दोन वर्षांत ओसरीवरच्या खुर्चीपुरता उरतो. शिकलेल्या गोष्टी वापराअभावी विसरल्या जातात. मुलींच्या बाबतीत तर घराचा उंबरठा ओलांडण्याचे प्रसंगही कमी होतात. इकडे आईवडिलांचे वय वाढत जाते आणि जो प्रश्न ते चारचौघांत क्वचितच बोलून दाखवितात, तो त्यांचे मन पोखरू लागतो : आमच्यामागे याचे कसे होणार?

या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर एखाद्या प्रशिक्षणाने मिळेल असे नाही. तथापि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या परसात, कुळागरात, शाळेच्या आवारात व रोपवाटिकेत सापडू शकतो. बागकामाचे शिक्षण योग्य रीतीने दिल्यास, आणि त्या शिक्षणाचा शेवट खऱ्या व मोबदला देणाऱ्या कामात झाल्यास, अनेक बौद्धिक दिव्यांग प्रौढ व्यक्ती उपयुक्त कामगार होऊ शकतात. यातील दुसरी अट पहिलीइतकीच आवश्यक आहे. ती विसरली गेली की प्रशिक्षण हे केवळ वेळ घालविण्याचे साधन होऊन बसते. या दोन्ही अटी कशा पूर्ण करता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विकासात्मक अक्षमता म्हणजे काय?

जन्मतः अथवा बालपणी उद्भवणाऱ्या व आयुष्यभर राहणाऱ्या ज्या अवस्थांमुळे शिकणे, बोलणे, हालचाल करणे किंवा इतरांशी व्यवहार करणे कठीण जाते, त्यांना विकासात्मक अक्षमता म्हणतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व मेंदूचा पक्षाघात या त्यांपैकी प्रमुख होत. डाऊन सिंड्रोम या अवस्थेत शरीरातील पेशींमध्ये एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र एक अधिक असते व त्यासोबत बहुधा बौद्धिक अक्षमता आढळते. हे मनोविकार नव्हेत. त्यांची बाधा दुसऱ्यास होत नाही, तसेच ते कोणाच्या पापाचे अथवा शापाचे फळही नव्हे. औषधाने ही अवस्था नाहीशी होत नसली, तरी शिक्षणाने माणसाच्या क्षमता निश्चितच वाढतात.

पूर्वी अशा व्यक्तींसाठी ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरला जात असे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली व त्यांपैकी सुमारे १५ लाख व्यक्ती बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात होत्या. कुटुंबे संकोचामुळे अशी माहिती देण्याचे टाळतात, हे लक्षात घेता प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असण्याचा संभव आहे.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तीस एकाच वेळी दिलेल्या अनेक सूचना लक्षात ठेवणे कठीण जाते. ‘जरा जास्त’, ‘थोड्या वेळाने’, ‘अंदाजाने’ असे शब्द तिला अडचणीचे वाटतात. परंतु तेच काम ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या मापाने शिकविले तर ते ती शिकते. एकदा अंगवळणी पडलेले काम अनेक जण चिकाटीने व न कंटाळता करीत राहतात, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

बागकामच का?

झाडापानांच्या सहवासात मन शांत होते, हे खरे आहे. परंतु व्यवसाय-प्रशिक्षणासाठी बागकामाची निवड करण्याची कारणे अधिक व्यावहारिक आहेत.

पहिले कारण असे की, बागकामात सोप्यापासून कठीणापर्यंत अनेक कामे असतात. रिकाम्या पिशव्या मोजून देणे, माती चाळणे, पिशव्या भरणे, पाणी घालणे, खुरपणी, रोपे हलविणे, छाट कलम लावणे, विक्रीच्या वेळी रोपे उचलून देणे, अशा या पायऱ्या आहेत. ज्याला मोजता येत नाही त्यालाही येथे काम आहे आणि ज्याला पैशांचा हिशेब जमतो त्यालाही आहे. मोठ्या रोपवाटिकांतून काम असेच वाटून केले जाते. कलम बांधणारा कुशल कामगार स्वतः माती भरीत बसत नाही.

दुसरे कारण, केलेल्या कामाचे फळ डोळ्यांना दिसते. तांबड्या भाजीचे बी पेरल्यावर साधारण चार ते सहा दिवसांत उगवते व पंचवीस ते तीस दिवसांत भाजी काढणीस येते. आज केलेल्या कामाचा महिन्याभरात बाजारात उपयोग झालेला पाहणे, हे कोणत्याही तोंडी शाबासकीपेक्षा परिणामकारक असते. म्हणून पहिले पीक तांबडी भाजी, मुळा यांसारखे लवकर येणारे घ्यावे. आंब्याच्या किंवा काजूच्या कलमांकडे नंतर वळावे.

तिसरे कारण, येथे चूक स्वस्त असते. पिशवी नीट भरली गेली नाही तर ती ओतून पुन्हा भरता येते. यंत्रावर झालेल्या चुकीने हात दुखावतो वा माल वाया जातो, तसे येथे बहुधा होत नाही. चुकण्याची मुभा असल्यावर शिकणारा व शिकविणारा या दोघांच्याही मनावरील दडपण कमी होते.

चौथे कारण, हे काम गावातच आहे. आपल्याकडे परसबाग व कुळागर यांची परंपरा जुनी आहे. मिरची, वांगी, भेंडी यांची रोपे, दसरा-दिवाळीचा झेंडू, अबोली व मोगरा, घरासमोर लावण्याची शोभेची झाडे यांना गावोगावी मागणी असते. शिकण्यासाठी शहरात जाण्याची व शिकल्यावर काम शोधीत फिरण्याची गरज त्यामुळे कमी होते.

अर्थात बागकाम प्रत्येकाला आवडेलच असे नाही. स्वमग्न असलेल्या काही व्यक्तींना ओल्या चिखलाचा स्पर्श असह्य होतो. काहींना उन्हाचा त्रास होतो. हातमोजे देऊन किंवा काम बदलून यातील काही अडचणी दूर होतात. तरीही एखाद्यास हे काम नकोच असेल, तर त्याला दुसरे काम शिकवावे. प्रौढ व्यक्तीची आवड विचारल्याशिवाय तिचा व्यवसाय ठरविणे योग्य नव्हे. तिला बोलता येत नसल्यास दोन-तीन कामे प्रत्यक्ष करायला देऊन ती कशाकडे वळते हे पाहावे.

या विचाराचा पूर्वेतिहास

बौद्धिक दिव्यांग व्यक्ती गुंतागुंतीचे काम शिकू शकणार नाहीत, असा समज जगभर दीर्घकाळ प्रचलित होता. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मार्क गोल्ड यांनी या समजाला प्रयोगाने उत्तर दिले. मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना त्यांनी पंधरा भागांचा सायकलचा ब्रेक जुळविण्यास शिकविले व १९७२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखादी व्यक्ती शिकली नाही तर दोष तिच्यात न शोधता शिकविण्याची रीत बदलावी, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

त्याआधी १९४० साली, नाझी राजवटीमुळे मायदेश सोडावा लागलेले ऑस्ट्रियाचे डॉक्टर कार्ल कोनिग यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल या चळवळीचा आरंभ केला होता. या वसाहतींतून दिव्यांग व इतर माणसे एकत्र राहतात, आणि शेती व बागकाम हा त्यांच्या दैनंदिन जीवनाचा भाग असतो. ब्रिटनमध्ये १९७८ साली केवळ बागकामाद्वारे दिव्यांगांना साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. ती आज थ्राइव्ह या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशात १९८४ साली सिकंदराबाद येथे या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे आजचे नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण व शिक्षणसाहित्य यांबाबत तिचे कार्य मोलाचे आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कोळवण येथे १९९४ साली सुरू झालेल्या साधना व्हिलेज या संस्थेत प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्ती कुटुंबासारख्या गटांत राहतात व रोजच्या कामात सहभागी होतात. शाळेनंतरच्या आयुष्याचा विचार आपल्या भागातही झालेला आहे, हे यावरून दिसून येईल.

कामाचे तुकडे करून शिकविणे

कोणतेही काम शिकविण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः सावकाश करून पाहावे व त्यातील प्रत्येक कृती कागदावर उतरवावी. उदाहरण म्हणून रोपाची पिशवी भरण्याचे काम घेऊ. आपण सहज ‘पिशवी भरा’ असे म्हणतो, परंतु त्यात पुढील नऊ कृती आहेत :

१. गठ्ठ्यातून एकच रिकामी पिशवी घेणे.
२. बोटांनी चोळून तिचे तोंड उघडणे.
३. पिशवीला भोके आहेत की नाहीत हे पाहणे.
४. डब्याने मातीचे मिश्रण घेऊन पिशवी अर्धी भरणे.
५. तळाचे दोन्ही कोपरे आत दाबून पिशवी उभी राहील असे करणे.
६. माती बसावी म्हणून पिशवी जमिनीवर हलकेच दोनदा आपटणे.
७. पुन्हा मिश्रण घालणे.
८. पाण्यासाठी वर बोटभर जागा रिकामी ठेवणे.
९. भरलेली पिशवी रांगेत ठेवणे.

या नऊपैकी दुसरी, पाचवी व आठवी कृती पुष्कळांना अडते. अडचण नेमकी कोठे आहे हे कळले की उपायही सापडतो. पिशवी उघडत नसल्यास बोटे किंचित ओली करावीत. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली उलटी धरल्यास ती नरसाळ्यासारखी वापरता येते. बोटभर जागेचा अंदाज येत नसल्यास काडीवर रंगाची खूण करून ती काडी मापासाठी द्यावी. ‘याला पिशव्या भरता येत नाहीत’ असे म्हणणे आणि ‘याला आठवी पायरी जमत नाही’ असे म्हणणे, यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्याने शिक्षण थांबते, तर दुसऱ्याने उद्या काय शिकवायचे ते कळते.

मिश्रण तयार करण्यासाठी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग रेती हे प्रमाण सामान्यतः चालते. ज्यांना प्रमाण समजत नाही त्यांच्यासाठी घमेल्यांवर खुणा कराव्यात. लाल खुणेची दोन घमेली, हिरव्या खुणेचे एक आणि पांढऱ्या खुणेचे एक, अशी मांडणी केली की मोजता न येणारी व्यक्तीही अचूक मिश्रण करू शकते. रोपांमधील अंतरासाठी गाठी मारलेली दोरी ताणावी. गाठ तेथे रोप, एवढेच लक्षात ठेवावे लागते. दहा खड्डे असलेल्या फळीवर भरलेल्या पिशव्या ठेवल्या की फळी भरली म्हणजे दहा झाल्या, हे न मोजता कळते. तांबड्या भाजीसारखे बारीक बी वाळूत मिसळून दिल्यास ते एकाच ठिकाणी पडत नाही.

खुरपणी हे काम दिसायला सोपे असले तरी प्रत्यक्षात कठीण आहे, कारण तण व रोप यांतील फरक ओळखावा लागतो. म्हणून बी फोकून न पेरता ओळीत पेरावे. ओळीवरचे ठेवायचे, दोन ओळींमधले काढायचे, हा नियम डोळ्यांना दिसतो. पाणी घालतानाही ‘पुरेसे’ हा शब्द टाळावा. पिशव्यांच्या एका रांगेला एक झारी, असे ठरवून द्यावे.

साहाय्य कसे द्यावे व कसे काढून घ्यावे

शिकविताना प्रथम करून दाखवावे. जरूर पडल्यास हात धरून कृती करवून घ्यावी. त्यानंतर केवळ बोटाने खूण करावी, पुढे एखाद्या शब्दावर भागवावे आणि शेवटी काहीच न बोलता बाजूस उभे राहावे. साहाय्याची ही उतरती पायरी म्हणजे प्रशिक्षणाचा गाभा होय. अनेक प्रेमळ पालक व शिक्षक वर्षानुवर्षे पहिल्याच पायरीवर थांबतात. शिकणारा थबकला की ते चटकन पुढे होऊन काम पुरे करतात. थबकलेल्या व्यक्तीला विचार करण्यास थोडा अवधी द्यावा. स्वस्थ उभे राहणे हे शिक्षकाला प्रयत्नपूर्वक शिकावे लागते.

काही वेळा शेवटची कृती प्रथम शिकविणे हितावह ठरते. शिक्षकाने पहिल्या आठ कृती स्वतः कराव्यात व नववी, म्हणजे पिशवी रांगेत ठेवण्याची कृती, शिकणाऱ्याकडून करवून घ्यावी. काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. पुढे आठवी व नववी, नंतर सातवीपासून पुढे, असे मागे मागे जावे.

प्रत्येकाची एक वही ठेवावी. तीत तारीख, काम आणि नऊपैकी किती कृती साहाय्याविना झाल्या, एवढेच नोंदवावे. तीन आठवडे आकडा हलला नाही तर शिकविण्याची रीत बदलावी. आकडा वाढत असेल तर तीच वही पुढे नोकरी देणाऱ्यासमोर ठेवता येते. कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा ती अधिक विश्वसनीय ठरेल.

शिकणारी व्यक्ती प्रौढ आहे, याचा विसर पडू देऊ नये. तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ म्हणून हाक मारणे, त्याच्या देखत त्याच्या उणिवांची चर्चा करणे किंवा पाहुण्यांसमोर त्याला गाणे म्हणावयास लावणे अनुचित आहे. इतर कामगारांना जसे नावाने व आदराने बोलावतो, तसेच त्यालाही बोलवावे. ‘आता या पाच पिशव्या भरा’ अशी एका वेळी एकच सूचना द्यावी व कामात बदल असेल तर तो आदल्या दिवशी सांगावा.

वर्षभराचे काम

प्रशिक्षण चार महिन्यांत संपवून भागत नाही. बागेचे एक संपूर्ण वर्ष शिकणाऱ्याच्या हाताखालून जाणे इष्ट होय. मार्च ते मे या काळात माती चाळणे, पिशव्या भरणे, मांडव व सावलीची जाळी दुरुस्त करणे आणि पावसाळी भाज्यांचे बी तयार ठेवणे ही कामे असतात. पाऊस सुरू झाल्यावर जास्वंद, क्रोटन, दुरांटा यांची छाट कलमे लावता येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी, खालचा काप डोळ्याच्या खाली तिरपा, हे माप नमुन्याची काडी समोर ठेवून शिकविता येते. जुलैच्या प्रारंभी मांडवाखाली झेंडूचे बी पेरल्यास सुमारे चार आठवड्यांनी रोपे लावणीस येतात व त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, फुले मिळू लागतात. पाऊस ओसरल्यावर मिरची, वांगी, मुळा व तांबडी भाजी यांचा हंगाम येतो. पालापाचोळा व शेण यांपासून गांडूळखत करण्याचे काम वर्षभर चालते. ते तयार होण्यास साधारण दोन महिने लागतात.

पावसात बाहेरचे काम थांबले तर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. बियांची पाकिटे भरणे, नावाच्या पट्ट्या लावणे, अवजारे पुसून ठरलेल्या खिळ्याला टांगणे, ही कामे त्या वेळी उपयोगी पडतात. रिकामा व अनिश्चित वेळ अनेकांना अस्वस्थ करतो.

सुरक्षिततेची दक्षता

कोयता व कलमाचा चाकू सर्वांच्या हाती देऊ नये. ज्यांनी ते काम देखरेखीखाली शिकले आहे त्यांनाच द्यावे. पावसाळ्यात गमबूट आवश्यक आहेत, कारण गवतात साप असण्याचा संभव असतो. विषारी कीटकनाशके फवारण्याचे काम प्रशिक्षणार्थींना मुळीच देऊ नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. डोक्यावर टोपी, मधूनमधून पाणी व सावलीतील विश्रांती यांची वेळ ठरलेली असावी, कारण तहान लागल्याचे सर्वांना सांगता येईलच असे नाही.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींत फेफऱ्याचे प्रमाण इतरांहून अधिक असते. ज्यांना फेफरे येते त्यांची औषधे वेळेवर दिली जातात की नाही हे पाहावे व त्यांना विहीर, तळे अथवा टाकीजवळ एकटे काम देऊ नये. झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे किंवा हातपाय दाबून धरणे, हे सर्व प्रकार टाळावेत. आसपासची अवजारे दूर करावीत, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, झटका ओसरताच व्यक्तीस कुशीवर वळवावे व ती शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास किंवा लागोपाठ दुसरा आल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

प्रशिक्षणाकडून कामाकडे

येथवरचे कार्य अनेक संस्था निष्ठेने करतात. खरी कसोटी यापुढे लागते. पाच-पाच, दहा-दहा वर्षे तीच व्यक्ती त्याच वाफ्यावर ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून काम करीत असेल, तिने वाढविलेली रोपे विकली जात असतील आणि तिच्या हाती काहीच येत नसेल, तर त्यास प्रशिक्षण म्हणता येणार नाही. म्हणून आरंभीच कालमर्यादा ठरवावी आणि प्रशिक्षण चालू असतानाच कामाची जागा शोधू लागावे. ‘पूर्ण तयार झाल्यावर बाहेर पाठवू’ ही भूमिका सावधपणाची वाटली, तरी तो दिवस पुष्कळदा उगवतच नाही. काम प्रत्यक्ष कामाच्या जागीच उत्तम शिकता येते.

अशा जागा आपल्या भोवताली आहेत. खाजगी रोपवाटिका, पंचायतीचे उद्यान, देवस्थानाची फुलबाग, शाळेचे आवार, किनारपट्टीवरील हॉटेलांच्या बागा व कुटुंबाचे स्वतःचे कुळागर यांचा विचार करता येईल. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेळच्या माळ्याची जागा असेल असे नाही. परंतु रोज सकाळी दोन तास पाणी घालणे, पालापाचोळा गोळा करणे किंवा आठवड्यास ठरावीक पिशव्या भरून देणे, एवढे काम निश्चित निघते. माळ्याचे सर्व काम एकाने करावे असा आग्रह न धरता, त्यातील कोणता भाग या व्यक्तीस देता येईल, असा प्रश्न विचारावा.

कामावर रुजू होताना पहिले काही आठवडे शिक्षकाने सोबत जावे. बागकाम येत असूनही नोकरी टिकत नाही, याचे कारण बहुधा बागेबाहेर असते. बस चुकली तर काय करावे, शौचालय कोठे आहे, जेवणाची सुटी केव्हा, काही समजले नाही तर कोणास विचारावे, कोणी पैसे मागितले किंवा अंगाला हात लावला तर कोणाला सांगावे, या गोष्टी त्या त्या ठिकाणी प्रत्यक्ष शिकवाव्या लागतात. शिक्षकाने हळूहळू भेटी कमी कराव्यात, परंतु पूर्ण थांबवू नयेत. कामाच्या जागी एका सहकाऱ्याने आपुलकीने लक्ष ठेवण्याचे मान्य केले असेल तर नोकरी टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

मोबदला रोख व नियमित असावा. तो शक्यतो कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा व त्यातील काही रक्कम त्याच्या इच्छेने खर्च करण्यास मिळावी. जुने कपडे, दुपारचे जेवण किंवा सणाची भेट म्हणजे वेतन नव्हे. काम मंद असेल तर कामाच्या मापाविषयी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावे. दयेपोटी दिलेली नोकरी फार काळ टिकत नाही. ठरलेले काम व ठरलेला मोबदला यांवर उभी असलेली नोकरीच टिकते.

कायदा व सोयी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी या कायद्याने अक्षमतेचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत. त्यातील कलम १९ अन्वये व्यवसाय-प्रशिक्षण व स्वयंरोजगार यांसाठी शासनाने योजना आखावयाच्या आहेत आणि विकासात्मक, बौद्धिक व बहुविध अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या प्रशिक्षणाची त्यात विशेष दखल घेतली आहे. कलम ३४ अन्वये शासकीय आस्थापनांत किमान चार टक्के जागा राखीव असून, त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार व बहुविध अक्षमता यांसाठी आहे. कलम ३७ मध्ये शेतजमीन व घरे यांच्या वाटपात, तसेच दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षणाची तरतूद आहे. या आरक्षणाच्या तरतुदींचा लाभ घेण्यासाठी किमान चाळीस टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र प्रत्येकाने काढून ठेवावे.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची आवश्यकता असल्यास या कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे. स्वतःची लहान रोपवाटिका काढू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी, १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी आपल्या राज्यातील संबंधित यंत्रणेकडे करावी.

प्रत्येकाचा वाटा

शिक्षकांनी अठराव्या वर्षाची वाट न पाहता चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून शाळेच्या बागेत या शिक्षणाचा पाया घालावा. पंचायतींनी आपल्या गावातील अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची माहिती, कुटुंबाचा मान राखून, संकलित करावी व सार्वजनिक बागांच्या कामात त्यांचा विचार करावा. अधिकाऱ्यांनी रोपांची खरेदी करताना अशा रोपवाटिकांकडे लक्ष द्यावे. ग्रामस्थांनी तेथील रोपे दयेने नव्हे, तर रोपे चांगली आहेत म्हणून विकत घ्यावीत आणि चांगली नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. पालकांनी एक धाडस करावे : मुलाला किंवा मुलीला रोज काही तास स्वतःच्या नजरेआड जाऊ द्यावे.

आमच्यामागे याचे कसे होणार, हा प्रश्न बागेतील नोकरीने सर्वस्वी सुटत नाही. निवारा, पालकत्व व आजारपण यांची व्यवस्था करावीच लागते. परंतु जो माणूस रोज सकाळी ठरलेल्या बसने कामावर जातो, ज्याच्या हातची मिरचीची रोपे गावाने लावली आहेत, तो एके दिवशी दिसला नाही तर आईवडिलांखेरीज आणखी दहा माणसे त्याची चौकशी करतात. घरात बसून राहिलेल्या व्यक्तीला हे संरक्षण लाभत नाही. येत्या हंगामात प्रत्येक गावाने एका तरी व्यक्तीसाठी अशा कामाची सुरुवात करावी, अशी अपेक्षा आहे.